केंदाळाला पाय नसतात

"आपोआप येतंय की ते. पाण्याचा गुणच हाय त्यो." कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर होडी काठाला ओढून घेणाऱ्या एका मामांनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या होडीच्या दोरात केंदाळाचं एक रोप अडकलेलं होतं. मी ते सोडवून हातात घेतलं. देठ मधोमध कांद्यासारखा फुगलेला. बोटानं दाबला तर आत स्पंज, नुसती हवा. खाली पिसासारखी काळपट-जांभळी मुळं, पाण्यानं निथळणारी, आणि त्या मुळांत नखाएवढ्या दोन गोगलगायी चिकटून बसलेल्या. एका बाजूनं कोवळा धुमारा निघालेला आणि त्याच्या टोकाला दुसरं रोप तयार.

"ही होडी आता कुठं न्यायची, मामा?"

"टेंपोत घालून आमच्या गावच्या तळ्यावर. तिथलं मासं धरायचं हाईत उद्या."

मामांच्या गावच्या तळ्यात केंदाळ नव्हतं. ते एक रोप तसंच गेलं असतं तर वर्षा-दोन वर्षांत तळंभर झालं असतं, आणि गावानं म्हटलं असतं, आपोआप आलं. परक्या वनस्पती, मासे, शिंपले एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कसे जातात, याबद्दल आपल्याकडे जे समज पक्के बसलेत त्यांचं मूळ या एका शब्दात आहे. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

"केंदाळ आपोआप येतं"

केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिचं जांभळं फूल सुंदर दिसतं म्हणून माणसांनी ती बागेतल्या हौदांसाठी देशोदेशी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात पोचली आणि तिथले जलमार्ग, भातखाचरं तिनं अशी अडवली की 1936 मध्ये बंगाल सरकारला खास जलपर्णीसाठी कायदा करावा लागला. ॲमेझॉनपासून हुगळीपर्यंत ती पोहत आली नाही. नदीच्या वरून खाली ती वाहत जाते हे खरं. पण एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात, नदीतून टेकडीवरच्या तळ्यात, प्रवाहाच्या उलट दिशेला ती गेली तर तिला कुणीतरी नेलेलं असतं. होडीच्या दोरातून, जाळ्याच्या घडीतून, वाळूच्या ट्रकमधून, जेसीबीच्या बकेटमधल्या गाळातून.

त्या गाळाकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. केंदाळाचं बी पाण्याखालच्या चिखलात 20 वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. रोप उचलून फेकलं, पण नांगराला किंवा वल्ह्याला लागलेला चिखल तसाच राहिला, तर काम अर्धंच झालं.

"तो शिंपल्यांचा त्रास अमेरिकेत, आपल्याला काय त्याचं"

परक्या शिंपल्यांची गोष्ट जगात सर्वात गाजली ती अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांची. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या परिसरातला, अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेला झेब्रा शिंपला मालवाहू जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर तिकडे पोचला आणि 1988 मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडला. रिकामं जहाज समुद्रात डोलू नये म्हणून एका बंदरात पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात सोडून देतं. त्या पाण्यात पिल्लं होती. तिथून आतल्या तळ्यांकडचा प्रवास मात्र जहाजांनी नव्हे, गाडीमागं ट्रेलरवर बांधलेल्या छोट्या हौशी होड्यांनी केला. शनिवार-रविवार या तळ्यात, पुढच्या आठवड्यात त्या तळ्यात. 2007 च्या जानेवारीत त्याचाच भाऊबंद क्वॅगा शिंपला वाळवंटातल्या मीड सरोवरात, हूवर धरणाच्या मागं सापडला. मूळ सरोवरांपासून हजारो किलोमीटरवर, मधे डोंगर आणि वाळवंट.

भारतातल्या गोड्या पाण्यात झेब्रा शिंपल्यानं अजून घर केलेलं नाही. पण "आपल्याकडे असलं काही नाही" हे म्हणायला आपण मोकळे नाही. मध्य अमेरिकेकडचा मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला 1967 मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला, पुढं मुंबईच्या गोद्यांमध्येही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून जवळजवळ गोड्या पाण्यापर्यंत तो कुठंही तगतो. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात मायटेला स्ट्रायगाटा हा दक्षिण अमेरिकी शिंपला 2019 च्या सुमारास अभ्यासकांनी नोंदवला. अष्टमुडी हे रामसर स्थळ आहे, आणि तिथल्या शेकडो कुटुंबांचं पोट खाण्याच्या देशी शिंपल्यांवर चालतं. ज्या जागेवर देशी शिंपला बसायचा ती जागा आता परका धरतो. हे कोल्हापूरपासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

आणि कोल्हापूर म्हणजे पाइपांचा जिल्हा. नदीकाठच्या शेकडो पाणीपुरवठा संस्थांचे उपसे, त्यांची जॅकवेल. शहरासाठी बालिंगा आणि शिंगणापूरचे उपसे, आणि आता काळम्मावाडी धरणातून थेट शहरात आलेली 50 किलोमीटरहून लांब पाइपलाइन. हे शिंपले आतल्या भिंतींना थरावर थर चिकटतात. वाहतं पाणी म्हणजे त्यांना बसल्या जागी अन्न. पंपाच्या फूटव्हॉल्व्हला, ज्याला आपले शेतकरी 'फुटबॉल' म्हणतात, केंदाळाचा गुंता अडकला तर तो हातानं ओढून काढता येतो. पाइपाच्या आत सिमेंटसारखा बसलेला शिंपला हातानं निघत नाही. म्हणून तो यायच्या आधीच बोलायला हवं.

"शिंपला तो शिंपला"

हा समज उलट बाजूनंही नुकसान करतो. परके शिंपले वाईट असं ऐकलं की माणसं दिसेल तो शिंपला ठेचायला निघतात.

पंचगंगेच्या, भोगावतीच्या गाळात आपले देशी शिंपले आहेत. लॅमेलिडेन्स हा त्यातला मोठा, तळहातात मावेल एवढा, बाहेरून काळपट-तपकिरी, आतून मोत्यासारखा चमकणारा. तो गाळात अर्धा रुतून, एकेकटा बसतो. दगडाला, होडीला, पाइपाला तो चिकटत नाही. त्याची पिल्लं काही काळ माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात आणि मग गळून गाळात बसतात. म्हणजे मासे नसतील तर तो शिंपलाही नाही. पाणी गाळणारा, सावकाश वाढणारा, वर्षानुवर्षं जगणारा हा प्राणी आहे. नदी आजारी पडली की आधी तो जातो.

परका शिंपला लहान असतो, बहुधा दोन-अडीच सेंटिमीटरचा, आणि तो चिकटतो. कोकणात ज्यांनी शिनाणे निवडलेत त्यांना हे सांगावं लागणार नाही: शिंपल्याच्या फटीतून बाहेर आलेला दाढीसारखा दोऱ्यांचा झुपका असतो, तो शिजवण्याआधी ओढून काढावा लागतो. त्याच दोऱ्यांनी तो खडकाला धरून बसतो. झेब्रा, क्वॅगा, मायटिलॉप्सिस सगळ्यांकडे असे दोरे आहेत. त्यांना माशाचीही गरज नाही. अंडी थेट पाण्यात सुटतात, एक मादी झेब्रा वर्षाला 10 लाखांपर्यंत, आणि त्यांतून निघालेली पिल्लं दोन-चार आठवडे पाण्यात नुसती तरंगतात.

गाळात रुतलेला, एकटा, मोठा तो आपला. कठीण वस्तूला दोऱ्यानं चिकटलेला, लहान, घोळक्यानं बसलेला असेल तर त्याची चौकशी करायची. गोड्या पाण्यात एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

"होडी स्वच्छ दिसते की"

दिसते, कारण तरंगणारं पिल्लू केसाच्या जाडीहून थोडंसंच मोठं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही. होडीच्या तळात साठलेलं तांब्याभर पाणी, इंजिनात थंडाव्यासाठी फिरून राहिलेलं पाणी, मासे ठेवायची बादली, ओल्या जाळ्याची घडी, दोराचं वेटोळं, भिजलेलं लाइफ जॅकेट: एवढ्या जागा त्याला पुरतात.

नुकताच चिकटलेला बारीक शिंपलासुद्धा नजरेला कळत नाही, हाताला कळतो. होडीच्या गुळगुळीत बुडावरून तळवा फिरवला आणि मधेच पॉलिश पेपरवरून फिरल्यासारखं खरखरीत लागलं, तर तिथं थांबून बघायचं. अमेरिकेत तळ्याकाठी तपासणी करणारे लोक हेच करतात. ताहो सरोवरात 2008 पासून तपासणी झाल्याशिवाय इंजिनाची होडी पाण्यात उतरवूच देत नाहीत, आणि तिकडच्या बऱ्याच राज्यांत होडी रस्त्यावरून नेताना तळाचं बूच काढलेलं असलंच पाहिजे असा नियम आहे.

त्या सगळ्या नियमांचा गाभा तीन कामांचा: धुणं, रिकामं करणं, वाळवणं. पाण्यातून बाहेर काढल्यावर तिथंच, त्याच काठावर, चिखल-झाडझाडोरा काढून होडी धुवायची. सगळं पाणी तिथंच सोडायचं, बादलीतलंसुद्धा. मग पूर्ण वाळू द्यायची.

वाळवण्याबाबत मात्र परदेशी पत्रक जसंच्या तसं उचलून चालणार नाही. मोठा शिंपला कवच घट्ट मिटून घेतो आणि दमट, गार हवेत पाण्याबाहेर आठवडे काढू शकतो. वैशाखातल्या उन्हात कोल्हापुरातली उलटी घातलेली होडी काही दिवसांत खडखडीत वाळते, जाळं तर त्याआधीच. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे काही वाळत नाही. राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला तर अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथं होडीचं काय. म्हणून पावसाळ्यात एका पाण्याची होडी त्याच पाण्यात ठेवणं सर्वात बरं. हलवावीच लागली तर कढत पाण्यानं धुवावी. 60 अंश सेल्सिअसचं पाणी अंगावर पडलं की शिंपला मरतो. गुऱ्हाळघर किंवा चुलाण जवळ असलेल्या गावात कढत पाणी ही काही अवघड गोष्ट नाही. जाळी दोन असतील तर एक नदीचं, एक तळ्याचं, असं कायमचं ठरवून टाकावं. त्याला पैसा लागत नाही.

आपल्या तळ्यांच्या काठावर होडी तपासणारा माणूस उभा नसतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीनं परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणं यांवर बंधन घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, हे मोठंच पाऊल आहे. पण कायदा टेंपोत चढवलेल्या ओल्या होडीपर्यंत पोचायला वेळ लागेल. रंकाळा तळ्यातलं नौकाविहाराचं कंत्राट असो की तलावाचा मासेमारीचा ठेका, त्याच्या अटींत "बाहेरून आणलेली होडी धुऊन, वाळवूनच उतरवावी" ही एक ओळ घालायला दिल्लीच्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. ती घालावी असं मला मनापासून वाटतं.

"पाणी नितळ झालं म्हणजे सुधारलं"

हा समज शहाण्यासुरत्या माणसांचाही आहे, आणि त्यात थोडं तथ्य असल्यामुळं तो जास्त चिवट आहे.

केंदाळ पाण्यातलं नत्र, स्फुरद, जड धातूसुद्धा शोषून घेतं. खरं आहे. पण ते रोप जागेवरच कुजलं तर घेतलेलं सगळं पाण्याला परत देतं, आणि कुजताना प्राणवायू खातं. वर झाकण बसल्यासारखा थर, खाली उजेड नाही, हवा नाही. मासे तोंड वर काढून मरतात. केंदाळ काढून दूर नेलं तरच पाणी शुद्ध झालं असं म्हणता येतं. काढून काठावरच ढीग घातला तर पहिल्या वळवात त्यातलं निम्मं पुन्हा पाण्यात. ढीग पाण्यापासून लांब, उंचावर घातलेला, आणि केंदाळ फुलं बी धरायच्या आत काढलेलं असेल तरच खतासाठी वापरावं.

शिंपल्याचं असंच आहे. एक झेब्रा शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो. लाखो शिंपले बसले की गढूळ तळं दोन-तीन वर्षांत काचेसारखं होतं आणि लोक खूश होतात. पण गाळून घेतलेलं ते सूक्ष्म प्लवक हेच लहान माशांचं अन्न होतं. आणि एक गोष्ट कोल्हापूरकरांनी नीट ऐकावी अशी आहे. रंकाळ्यात उन्हाळ्यात जी हिरवी साय धरते, ज्या सायीचा उग्र वास संध्यामठाच्या बाजूला फिरायला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, तिच्यात मायक्रोसिस्टिस हे नील-हरित शेवाळ असतं आणि ते विषारी होऊ शकतं. झेब्रा शिंपला बाकीचं शेवाळ खातो आणि मायक्रोसिस्टिस नको म्हणून थुंकून टाकतो. त्यामुळं अमेरिकेतल्या काही तळ्यांत शिंपले आल्यावर ही विषारी साय कमी होण्याऐवजी वाढली. परताळ्याच्या बाजूनं, नाल्यांनी येणारं सांडपाणी थांबवण्याऐवजी कुठला तरी जीव सोडून रंकाळा साफ होईल, असं कुणी म्हटलं तर हे उदाहरण द्यावं.

"पूर आला की सगळं धुऊन जातं"

जातं. खाली जातं.

पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे एकाखाली एक आहेत. पावसाळा संपला की बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात, पाणी अडतं, सांडपाण्याचं पोषण तयारच असतं, आणि केंदाळ बंधाऱ्याच्या तोंडाशी दाटतं. मग बरगे काढून ते पुढं ढकलण्याची मागणी होते. ढकललेलं केंदाळ वरच्या गावाच्या नजरेआड होतं आणि खालच्या गावाच्या दारात जातं, शेवटी नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेत. बी मात्र प्रत्येक बंधाऱ्यामागच्या गाळात मागं राहतं.

मोठ्या पुरात तर याहून वेगळंच घडतं. 2005, 2019, 2021 या वर्षांत नदी, ओढे, शेततळी, मत्स्यतळी सगळं एक पाणी झालं. तळ्यातला चिलापी आणि मांगूर नदीत, नदीतलं केंदाळ उसात. 2019 मध्ये नौदल, लष्कर, एनडीआरएफ यांच्या होड्या बाहेरून आल्या. गावांनी गुळाच्या काईलींच्यासुद्धा होड्या केल्या. जीव वाचवताना होडी धुतली का, हे विचारणं चूक आहे आणि मी ते विचारणार नाही. पण पाणी ओसरल्यावर रबरी होडी चिखलासकट घडी घालून पुढच्या गावाला किंवा गोदामात जाते, तेव्हा ती उघडून धुवायला एक दिवस मिळू शकतो.

"मासे सोडले तर पाण्याचं भलंच होतं"

काचेच्या टाकीतले मासे नकोसे झाले की रंकाळ्यात सोडणं, हे माणसं दयेनं करतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण चिलापी 1952 मध्ये भारतात आणला तेव्हाही हेतू चांगलाच होता, स्वस्त मासा. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळं पिल्लं तोंडात असलेली एक मादी पोचली की बाकीचं ती बघून घेते. आज उजनी धरणाच्या काठच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग लागतात. आफ्रिकन मांगुराच्या पैदाशीवर 2000 पासून देशात बंदी आहे, तरी तो देशी मांगूर म्हणून विकला जातो. आणि बऱ्याच परक्या माशांचा प्रवास होडीतून नव्हे, ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिक पिशवीतल्या मत्स्यबीजातून होतो: रोहू-कटल्याची म्हणून घेतलेली पिशवी, त्यात दुसरंच काही. पिशवी तळ्यात ओतण्याआधी पसरट टबात ओतून बघावी आणि तिच्यातलं पाणी तळ्यात न टाकता जमिनीवर टाकावं.

डासांसाठी गप्पी सोडतात त्याबद्दलही हेच. घराच्या हौदात सोडला तर हरकत नाही. झऱ्यात, कुंडात, ओढ्यात तो बेडकांची आणि देशी माशांची अंडी-पिल्लं खातो. आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटासा मासा 2020 मध्ये विज्ञानाला नव्यानं कळला आणि 2021 मध्ये राज्य सरकारनं त्याची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तीच हिरण्यकेशी खाली आजरा, गडहिंग्लजकडे येते. त्या कुंडात पुण्य म्हणून सोडलेली मूठभर गप्पी त्या माशाला संपवायला पुरेशी आहे.

"एकदा आलं की इलाज नाही" आणि "औषध मारलं की संपलं"

हे दोन समज एकाच माणसाच्या तोंडी येतात. दोन्हीचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात आहे. 1999 च्या मार्चमध्ये तिथल्या होड्यांच्या गोदीत मायटिलॉप्सिस सॅली सापडला. तोच, जो आपल्याकडे विशाखापट्टणमला आणि मुंबईला आहे. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. आता काही ठिकाणी चौरस मीटरला 20 हजारांहून जास्त. सरकारनं तीन गोद्यांची दारं बंद केली, आत क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, बाहेर पडलेल्या शेकडो होड्या शोधून तपासल्या. महिन्याभरात शिंपला संपला. गोदीतलं बाकीचं सगळंही मेलं.

जमलं, कारण लवकर दिसला आणि त्या गोद्यांना दारं होती. पंचगंगेला दार नाही. आणि मोरचूद हे द्राक्षबागेतलं औषध आहे म्हणून कुणी पोतं तळ्यात रिकामं केलं, तर परक्याबरोबर आपले मासे, गोगलगायी, शिंपले सगळे जातील. केंदाळावर भुंगेरे सोडण्याचा उपाय 1982 पासून भारतात आहे, बंगळुरूच्या तळ्यांत त्याचा उपयोगही झाला. पण भुंगेऱ्यांना काही वर्षं लागतात, आणि सांडपाण्यावर पोसलेलं केंदाळ त्यांच्यापेक्षा जोरात वाढतं.

म्हणून लवकर दिसणं महत्त्वाचं, आणि ते होडीवाल्याला, मासेमाराला, पंपावरच्या माणसालाच दिसणार. फुटबॉल वर काढला आणि जाळीला दोऱ्यांनी चिकटलेले बारीक शिंपले दिसले, तर ते खरवडून पाण्यात टाकू नका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. दोन-चार शिंपले बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा, जागा आणि तारीख लिहा, आणि शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन दाखवा. गाळात एकटाच सापडलेला, तळहाताएवढा, आतून मोत्यासारखा चमकणारा जिवंत शिंपला निघाला, तर फोटो काढून झाल्यावर जिथून काढलात त्याच गाळात त्याला परत ठेवा.